दुसऱ्याच्या दमाचा हिशेब

आपल्याकडे वाजवणाऱ्याला दाद मिळते ती हाताची. "काय हात आहे!" असं म्हटलं की कौतुक संपतं. तबलजी असो, देवळातला पखवाजी असो, शिगम्यातला ताशेवाला असो की चवथीला घुमट घेऊन बसलेला शेजारचा पोर असो, आपण त्याचा हात बघतो. तो किती वेगाने चालतो, बोल किती स्वच्छ पडतात, दमल्याशिवाय किती वेळ वाजवतो. यात गैर काही नाही. पण चांगल्या तालवादकाचे गुण मोजायला बसलो तर हाताला मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवीन. पहिला गुण म्हणजे दुसऱ्याचा दम ओळखता येणं. दुसरा, धरलेली लय धरून ठेवता येणं. हात त्यानंतर.

दम म्हणजे काय हे आधी सांगतो. गाणाऱ्याला ओळीच्या मध्ये कुठेतरी श्वास घ्यावा लागतो. सनईवाल्याला घ्यावा लागतो. नाचणाऱ्याच्या छातीचा भाता होतो. रोमटामेळात चालणाऱ्याला एका हातात पताका सांभाळून मैलभर पाय उचलायचे असतात. वाजवणारा मात्र असा एकटा आहे की ज्याच्या वाद्याला त्याचा श्वास लागत नाही. हात दुखेपर्यंत तो वाजवत राहू शकतो. म्हणूनच समोरच्याला श्वास लागतो ही गोष्ट सगळ्यांत आधी तोच विसरतो. ज्याची स्वतःची गरज नाही, तिचं भान ठेवायचं, हे शिकवून येत नाही. ते मुळात असावं लागतं किंवा कुणीतरी लहानपणी कान पिळून घालावं लागतं.

गंमत अशी की आपलं घुमट हे वाद्य स्वतःच श्वास घेतं. भाजलेल्या मातीचं, दोन तोंडांचं मडकं. मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. उजवा हात चामड्यावर पडतो आणि डाव्या हाताचा तळवा लहान तोंडाची उघडझाप करतो. आतली हवा कोंडली की एक नाद, सोडली की दुसरा. घुमटाचं घुमणं त्या डाव्या तळव्यात आहे. नवशिका पोर उजवा हात आधी शिकतो, कारण आवाज तिथून येतो. डावा हात शिकायला वर्षं जातात. आणि वेग एका मर्यादेच्या पुढे गेला की पहिला बळी जातो तो याच डाव्या हाताचा. हवा आत-बाहेर व्हायला जेवढा अवकाश लागतो तेवढा उरत नाही. मग सगळे ठोके एकसारखे वाजू लागतात, 'टक टक टक'. मडक्याऐवजी फळकूट घेतलं असतं तरी चाललं असतं असं वाटतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे घुमट आरतीच्या स्पर्धा. गेली कित्येक वर्षं मी त्या ऐकत आलो आहे. या स्पर्धांचं ऋण आधी मान्य करतो. घुमट, शामेळ आणि कासाळं ही मंडळी एके काळी वाड्यावरच्या चार म्हाताऱ्यांपुरती उरतील की काय अशी भीती होती. घोरपडीच्या कातड्याचा प्रश्न तर होताच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलं आणि पारंपरिक घुमट बनवणं हा गुन्हा ठरला. पुढे कारागिरांनी बोकडाच्या कातड्याची घुमटं रुळवली आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. या सगळ्या काळात तरुण पोरांना वाद्याजवळ आणून बसवलं ते स्पर्धांनी. आज मुलींची, बायकांची पथकं घुमट वाजवतात, हेही स्पर्धांमुळेच. तेव्हा स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही.

पण स्पर्धेला मोजता येईल असं काहीतरी हवं असतं, आणि कानाला सगळ्यांत सहज मोजता येतो तो वेग. आरतीच्या शेवटाकडे लय वाढवायची ही आपली जुनीच रीत आहे. शेवटच्या कडव्यात रंग भरायचा, टाळ्या वाढायच्या, मग देवे आणि मंत्रपुष्पांजलीला सगळं शांत व्हायचं. आता काही पथकं सुरुवातच त्या शेवटच्या लयीत करतात. मग शेवट करायचा कुठे? तर आणखी वर. ऐकणारे टाळ्या पिटतात आणि पुढच्या वर्षी दुसरं पथक त्याच्याही वर जातं.

स्पर्धेच्या मंचावर हे चालून जातं. तिथे गाणारे ठरलेले असतात, त्यांनी महिनाभर तालीम केलेली असते. पण हीच पोरं चवथीला घरोघर आरतीला येतात. तिथे माटोळीखाली कोण असतं? पंच्याहत्तरीची आजी, सुट्टी काढून मुंबईहून आलेला काका, पाच-सहा वर्षांची मुलं आणि वर्षातून एकदाच आरती म्हणणारा जावई. यांना सगळ्यांना मिळून ती आरती म्हणायची असते. पहिलं कडवं सगळे म्हणतात. दुसऱ्यात आजीचा एकेक शब्द मागे पडू लागतो. तिसऱ्याला ती नुसत्या टाळ्या वाजवते, ओठ मिटलेले. आरती झाल्यावर पोरांचं कौतुकही तीच सगळ्यांत जास्त करते, "बरें वाजयलें रे बाबांनो!" म्हणून. पण तिने आरती म्हटली नाही. तिच्या घरात, तिच्या गणपतीपुढे, तिला ती म्हणू दिली गेली नाही.

ही तक्रार तुम्हाला किरकोळ वाटेल. मला वाटत नाही, आणि याचं कारण भाषेचं आहे. पोर्तुगीज अमदानीत मराठी आपल्या घरांतून टिकली ती कीर्तनात, भजनात, नाटकात आणि आरतीत. ज्यांनी मराठीचं एक पुस्तक वाचलं नव्हतं त्या बायकांना रामदासांची आरती, नामदेव-तुकारामांचे अभंग तोंडपाठ असत. आज घरात बोलायला कोकणी, शाळेत इंग्रजी, दूरदर्शनवर हिंदी, अशा मुलाच्या कानावर आणि तोंडात जी थोडीफार मराठी पडते, त्यात चवथीच्या आरत्यांचा वाटा मोठा आहे. जुन्या आरत्यांतले शब्द लांबवून म्हणण्यासाठी केलेले आहेत. दीर्घ स्वरावर थांबायचं, तिथे शब्दाचा अर्थ उमलतो. लय दुप्पट केली की तो स्वर चिरडला जातो, जोडाक्षरं एकमेकांवर आदळतात आणि उरतो तो नुसता गलका. मुलगा गलका पाठ करतो. त्याला शब्द मिळतच नाहीत. म्हणजे वाजवणाऱ्याच्या हातात नुसता ताल नाही, दुसऱ्याच्या तोंडातले शब्दही आहेत.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं. वेग म्हणजेच तयारी, संथ काय कुणीही वाजवेल. हे मला मान्य नाही, आणि यासाठी साक्षीला आपल्याच मातीतला माणूस आहे. खाप्रुमामा पर्वतकर. लयभास्कर म्हणून ज्यांना सगळ्या हिंदुस्थानी संगीताने मानलं, ते १९५३ साली गेले. दोन हातांनी दोन वेगळे ताल, पायाने तिसरा, तोंडाने आणखी काही मोजणं आणि सगळं एका समेवर आणून ठेवणं, या त्यांच्या करामतींच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकल्या आहेत. पण त्या गोष्टी सांगताना एक तपशील बहुतेक वेळा गळतो. मामा तबल्याइतकेच सारंगीचे माणूस होते. आणि सारंगी म्हणजे गाणाऱ्याच्या गळ्यामागे सावलीसारखं चालायचं वाद्य. गायिका कुठे श्वास घेणार, कुठे शब्द सोडणार, कुठे सुरावर रेंगाळणार हे सारंगियाला तिच्याआधी क्षणभर कळावं लागतं. ज्या माणसाच्या लयीच्या हिशेबापुढे भलेभले हात टेकत, त्याने दुसऱ्याच्या श्वासामागे चालण्याचं कामही आयुष्यभर केलं. मला वाटतं, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. लय इतकी पक्की होती म्हणूनच दुसऱ्याकडे लक्ष द्यायला त्यांचं मन मोकळं राहात असणार. ज्याला मात्रा मोजण्यातच सगळं लक्ष घालावं लागतं, तो समोरच्याकडे कधी बघणार?

संथ वाजवणं सोपं आहे असं म्हणणाऱ्याने एकदा विलंबित ख्यालाला बसून पाहावं. अतिविलंबित एकतालात दोन मात्रांमधलं अंतर चार-पाच सेकंदांचंही होऊ शकतं. त्या मधल्या जागेत हाताला धरायला काही नसतं. गायक आपल्या विचारात लांब गेलेला असतो. आणि पुन्हा त्याच जागी, त्याच वजनाने ठोका पडायला हवा. ताल जरा ढिला पडला तर गायकाच्या डोक्यातला आराखडा कोसळतो, जरा चढला तर त्याचा दम तुटतो. जयपूर घराण्यात लय त्या मानाने मध्याकडे झुकलेली असते, पण तिथे स्वच्छ, सरळ ठेका हवा असतो. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई ज्या परंपरेत गायल्या, तिथे लयीची वीण गाण्यातच इतकी बारीक असते की तबल्याने मध्ये नक्षी काढली तर गाणंच झाकोळून जातं.

आणि सरळ ठेका धरून बसणारे काही कमी ताकदीचे नव्हते. उस्ताद अहमदजान थिरकवांसारखा एकल तबल्याचा बादशहा अनेक वर्षं गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करीत होता. नाटकातल्या पदाला आधी शब्द, मग गळा आणि मग तबला, ही तिथली उतरंड. थिरकवांना ती मानहानी वाटली नाही. आपल्या नागेशीचे पंढरीनाथ नागेशकर हेही साथीचे मोठे जाणकार. त्यांच्याकडे शिकलेल्यांत सुरेश तळवलकरांसारखे लयीचे अभ्यासक आहेत. नागेशकर २००८ साली गेले. या माणसांची नावं घेताना आपण 'हात' म्हणतो, पण गायक त्यांना बोलावत ते भरवशासाठी. या माणसाच्या साथीत आपण पडणार नाही, हा भरवसा.

चित्रपटसंगीतातही आपल्या एका गोवेकराने हेच दाखवून दिलं. दत्ताराम वाडकर. शंकर-जयकिशन यांचे सहायक, ढोलकीचे वादक आणि पुढे स्वतः संगीतकार. त्यांच्या नावाने 'दत्तू ठेका' आजही वादकांमध्ये ओळखला जातो. तो ऐकताना कुणी दिपून जात नाही. पण तो लागला की गाणं आपोआप चालू लागतं, आणि ज्याला ताल कळत नाही त्याचाही पाय हलतो. वाजवणाऱ्यांच्या जगात स्वतःच्या नावाचा ठेका मागे ठेवून जाणारे किती आहेत? त्यासाठी दत्तारामना वेगाची गरज पडली नाही.

पाश्चात्त्य संगीतातलंही एक उदाहरण देतो, कारण आपल्याकडे ते संगीत जाणणारे वाचक बरेच आहेत. फ्रेंच संगीतकार राव्हेल याची 'बोलेरो' ही १९२८ची रचना. पंधरा मिनिटांच्या आसपास चालते. त्यात ड्रमवाल्याचं काम काय? दोन मापांचा एकच बोल, पहिल्यापासून शेवटपर्यंत, १६९ वेळा. सुरुवात कानाला जेमतेम ऐकू येईल इतकी हळू, आणि शेवट सगळ्या वाद्यवृंदाच्या गर्जनेत. लय मात्र तसूभर हलता कामा नये. वाद्यवृंदातले वादक या कामाला वचकून असतात. एकही बोल अवघड नाही. अवघड आहे ते तिथेच राहणं. आवाज वाढला की वेग वाढवण्याचा मोह माणसाच्या अंगातच असतो, तो पंधरा मिनिटं दाबून ठेवायचा. चवथीच्या आरतीत शेवटच्या कडव्यापर्यंत लय सांभाळणाऱ्या घुमटवाल्याला हे दुःख बरोबर कळेल.

आता जरा दूर नेतो. मागे एका कामासाठी सुरतेच्या दक्षिणेला पलसाण्याला काही दिवस राहण्याचा योग आला. सुरत-नवसारीच्या हमरस्त्यावरचा हा तालुका. कापड रंगवण्याच्या, छापण्याच्या गिरण्या, ट्रकांच्या रांगा, कामगारांत खानदेशातून आलेली आपली मराठी माणसंही भेटतात. लग्नसराईचे दिवस होते. हमरस्त्यालगत एक वरात चालली होती, पुढे टेंपोवर रचलेला डीजे. आणि त्याच संध्याकाळी आतल्या एका गावात, हळपतींच्या फळियात, लग्नाच्या मांडवापुढे तूर आणि थाळी वाजत होती. तूर म्हणजे ढोलाच्या जातीचं वाद्य, थाळी काशाची, काठीने वाजवायची. दक्षिण गुजरातेतल्या हळपती, धोडिया वगैरे समाजांचं हे लग्नकार्यातलं वाजप. थाळीवाला एकच ठोका धरून बसला होता, आपल्या कासाळ्यासारखा. तूरवाला त्याच्या आत-बाहेर खेळत होता.

मी त्या तूरवाल्याकडे बराच वेळ बघत राहिलो. तो आपल्या हातांकडे एकदाही बघत नव्हता. त्याची नजर नाचणाऱ्यांच्या पायांवर होती. रिंगण तरुण पोरांचं असलं की लय चढायची. मग घरातल्या दोन-तीन वयस्क बाया रिंगणात शिरल्या, आणि कुणी काही न सांगता लय उतरली. एकदम नाही, दोन-तीन फेऱ्यांत, जणू उतारावरून गाडी आपसूक सपाटीवर यावी तशी. त्या बायांना कळलंही नसेल की आपल्यासाठी कुणी वाट रुंद केली. त्या नाचल्या, हसल्या, दमल्या आणि बाजूला झाल्या. मग पुन्हा तूर चढलं.

हमरस्त्यावरच्या डीजेने हे केलं नसतं, त्याला करताच येत नाही. त्याची लय मिनिटाला जितके ठोके ठरवले तितकेच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याला दम लागत नाही. हात चुकत नाही. वेग हवा तितका वाढवून मिळतो. म्हणजे बघा, ज्या गुणांसाठी आपण वाजवणाऱ्याच्या हाताला दाद देतो, ते सगळे यंत्रात आधीच भरून ठेवलेले आहेत, आणि ते भाड्याने मिळतात. यंत्राकडे नाहीत ते डोळे. समोर कोण नाचतंय, कोण गातंय, कुणाची छाती भरून आलीय, हे त्याला दिसत नाही. वाजवणाऱ्या माणसाने तेवढंच एक जर सोडून दिलं आणि वेगाच्याच मागे लागला, तर तो अशा शर्यतीत उतरतो जी यंत्राने केव्हाच जिंकलेली आहे. चवथीच्या मिरवणुकांत घुमटांची जागा स्पीकरने का घेतली याचा विचार करताना ही गोष्टही ध्यानात घ्यायला हवी.

हाताला मी तिसरा क्रमांक दिला म्हणून तो बिनमहत्त्वाचा ठरत नाही. हातच तयार नसेल तर दुसऱ्याचा दम ओळखूनही उपयोग काय? ओळखलं, पण लय अर्ध्या पायरीने उतरवता आली नाही, तर गाडी धाडकन थांबते. त्यासाठी रियाज हवाच. चौथा गुण, आपल्या वाद्याची प्रकृती ओळखणं. भाद्रपदातली दमट हवा, पाऊस, चामडं ढिलं पडतं, ते शेकून, ऊन दाखवून आणावं लागतं. जो आरतीच्या अर्धा तास आधी येऊन आपलं घुमट बघतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो. पाचवा गुण म्हणजे न वाजवणं. भैरवीच्या वेळी, मंत्रपुष्पांजलीच्या वेळी, एखाद्या लहान मुलीने धीर करून एकटीने कडवं उचललं असेल तेव्हा हात मांडीवर ठेवून बसता येणं. हा गुण फार थोड्यांकडे असतो, कारण त्यासाठी टाळ्या मिळत नाहीत.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना म्हणूनच एक साधी विनंती आहे. परीक्षकांच्या कागदावर एक रकाना वाढवा. प्रत्येक पथकाला त्यांच्या ठरवलेल्या आरतीनंतर एक ओळखीची आरती द्या, आणि ती म्हणायला पथकातल्या गायकांऐवजी समोर बसलेल्या लोकांतून पाच माणसं मंचावर बोलवा. त्यांत एक साठीच्या पुढची, एक दहा वर्षांच्या आतली असलीच पाहिजे. माईक गाणाऱ्यांपुढे ठेवा, घुमटांपुढे नको. शेवटच्या कडव्यापर्यंत ती पाचही माणसं शब्द म्हणत राहिली, तर पूर्ण गुण. यात कसलाही जास्तीचा खर्च नाही. पहिल्या वर्षी पथकं कुरकुरतील. दुसऱ्या वर्षी तालमीला आपापल्या आज्यांना बोलवायला लागतील.

आणि स्पर्धेची वाट न बघता घरी करण्यासारखंही आहे. यंदा चवथीला पोरं घुमटं घेऊन आली की त्यांना चहा देतानाच सांगा, आज लय आजी देणार. पहिली ओळ तिने एकटीने म्हणायची, तिला जमेल तशी, आणि घुमट दुसऱ्या ओळीला उचलायचं. पोरं गुणी असतात, सांगितलं की ऐकतात. आपणच त्यांना आजवर फक्त "काय हात आहे" एवढंच सांगत आलो.